डॉक्टरांनी कॉफी घेतली नाही

इरा आणि निहार,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इराने विचारलं, "आजी, ती कोपराने बेल वाजवणारी आजी कुठे आहे?" मी "ती गेली गं" एवढंच म्हणाले. तुमची दुसऱ्या दिवशीच्या शाळेची तयारी राहिली होती, म्हणून कॉल संपला. नंतर चहा करताना मला ते उत्तर खटकत राहिलं. अर्धवट सोडलेलं काही मला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या कपाटातल्या फायलींनासुद्धा अनुक्रमणिका असते. त्यातून काल तिच्या दारावरची नावाची पट्टी बदलली. एक तरुण जोडपं राहायला आलं आहे. उद्या ते जिन्यात भेटतील, मी त्यांना हसून नमस्कार करीन, आणि ते घर हळूहळू त्यांचं होईल. त्याआधी लिहून ठेवते. मराठीत लिहिते आहे, कारण ऑफिसात जन्मभर इंग्रजी लिहिलं आणि त्यात विषय आणि संदर्भ क्रमांक आले, माणसं फारशी आली नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

ती बेल कोपराने वाजवायची, कारण तिचे दोन्ही हात भरलेले असत. एका हातात झाकण ठेवलेलं पातेलं, दुसऱ्यात लोणच्याची बरणी किंवा पालेभाजीची जुडी. तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा पाहिलंच आहे. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, पातेलं खाली ठेव आणि बोटाने वाजव." ती म्हणाली, "आमच्याकडे बोटाने बेल वाजवणाऱ्याला दार उघडत नसत. त्याचे हात रिकामे असतात."

रॉटरडॅमशेजारच्या कापेलमधल्या या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर आणि ती माझ्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. इथे शेजारणीला 'बूरव्राऊ' अशी हाक मारतात, म्हणजे शेजारीणबाई. आम्ही दोघी एकमेकींना तेच म्हणायचो. दोघीही परक्या, दोघींचं डच उसनं. माझं व्याकरण बरं होतं, तिचा उच्चार. डचमध्ये बरोबरीच्या माणसाला सरळ 'तू' म्हणतात, म्हणून मी तिला कधी 'अहो' म्हटलं नाही, आणि लिहितानाही 'ती'च लिहिते.

ती रोमानियाची. मुलगा इथे मालवाहू ट्रक चालवायचा. नवरा पूर्वीच वारलेला, म्हणून मुलाने तिला आपल्याकडे आणलं. आणलं खरं, पण तो स्वतः महिन्यातले वीस दिवस कुठल्या तरी देशाच्या रस्त्यावर. त्यामुळे तिची सगळी सरकारी पत्रं माझ्याकडे यायची. ती पाकीट न फोडता वर आणायची आणि माझा चेहरा बघत बसायची. मी वाचून "काही नाही, कचऱ्याच्या गाडीची वेळ बदलली आहे" म्हटलं की मगच खुर्चीला पाठ टेकायची.

तिचा धंदा ऐकून तुम्हाला हसू येईल. ती मोजे दुरुस्त करायची. आपले सुती मोजे नव्हेत, बायकांचे पातळ नायलॉनचे लांब मोजे. त्यात एक धागा तुटला की वरपासून खालपर्यंत शिडीसारखी रेघ पडते. तिच्या देशात तेव्हा समाजवादी राजवट होती. नवे मोजे दुकानात कधी येतील ते कुणी सांगू शकत नसे, आले तरी रांग संपण्याआधी ते संपत. म्हणून गावात एक लहानसं सरकारी दुकान होतं. त्याच्या काचेच्या खिडकीत बसून ती आठ तास मोजे सांधायची. मोजा एका कपावर ताणून बसवायचा आणि केसाएवढ्या आकड्याच्या सुईने सुटलेला एकेक टाका खालून वर उचलत न्यायचा.

"मी गावातल्या बायका पायांवरून ओळखायचे," ती सांगायची. "चेहरे नंतर कळले. पोस्टातली बाई, शाळेची मुख्याध्यापिका, पार्टीच्या सेक्रेटरीची बायको. तिघींच्या मोज्याला भोक एकाच ठिकाणी, अंगठ्यापाशी. तिथे सगळे समान होते बघ."

संध्याकाळी घरी उरलेलं काम. वीज वाचवायची म्हणून खोलीत एकच चाळीसचा दिवा. हिवाळ्यात रेडिएटर कोमट, म्हणून अंगावर कोट घालून बसायचं आणि बोटं उघडी ठेवलेले हातमोजे घालायचे. टीव्ही दिवसातून दोन तास, त्यातही भाषणंच जास्त. "मग सुई बरी," ती म्हणायची.

आणि कॉफी. खरी कॉफी दिसेनाशी झाली होती. जे कॉफी म्हणून मिळायचं त्यात भाजलेलं धान्यच जास्त. ते प्यायलं की माणूस घोड्यासारखा खिंकाळतो, अशी तिकडे थट्टा होती. ती स्वतः हे सांगताना दर वेळी एकदा खिंकाळून दाखवायची. सत्तरीची बाई माझ्या सोफ्यावर बसून खिंकाळते आहे, हे आजोबांनी पाहिलं असतं तर त्यांना फार आवडलं असतं.

म्हणून खऱ्या कॉफीचं पाकीट किंवा परदेशी सिगारेटचं न फोडलेलं पाकीट ही तिथे कामं करून घ्यायची वस्तू होती. डॉक्टर, खाटीक, शाळा, नळ दुरुस्त करणारा, कुठेही. ती सिगारेट कुणी ओढत नसे. ती फक्त पुढे द्यायची. एकदा तिने गंमत म्हणून एका पाकिटाच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा ठिपका दिला आणि ते खाटकाला दिलं. दीड वर्षाने मुख्याध्यापिका सहा जोड मोजे घेऊन आली आणि काम लवकर व्हावं म्हणून तिने एक पाकीट टेबलावर ठेवलं. कोपऱ्यावर निळा ठिपका.

"सगळं गाव फिरून आलं," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त फिरलं."

मी हसले, पण मनातून मला ते पटलं नव्हतं. आम्ही पुण्यात टेलिफोनसाठी सहा वर्षं थांबलो होतो. आजोबांचे एक मित्र म्हणाले होते, "वहिनी, नुसता पेढ्यांचा बॉक्स नेऊन द्या, महिन्यात घंटी वाजेल." मी नाही दिला. नंबर लागेल तेव्हा लागेल. याचा मला अभिमान होता, आणि तो मी तिला ऐकवलाही. ती म्हणाली, "सहा वर्षं? मग तुला फोन फारसा हवा नसेल." मला राग आला होता. आज वाटतं, तुमच्या पणजीची तब्येत त्या सहा वर्षांत बिघडली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे.

आता मुख्य गोष्ट.

चार वर्षांपूर्वी ती चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतू लागली. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे यायची. तिने इथे मोज्यांचं काम कधी केलं नाही, इथे मोजे फाटले की फेकतात, पण सुई हातातून गेली नव्हती. मुलाच्या जॅकेटचं अस्तर, माझ्या उशीचा अभ्रा, काही ना काही चालू असायचं. घरच्या डॉक्टरांनी तपासून रॉटरडॅमच्या हॉस्पिटलला पत्र दिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला.

मी दुभाषी म्हणून बरोबर गेले. डॉक्टरीण तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं सावकाश. तिने चित्र काढून समजावलं, तारीख दिली, आणि काही विचारायचं आहे का म्हणाली. तेव्हा माझ्या शेजारणीने पिशवीतून कॉफीचं पाकीट काढलं. चांगल्यातली कॉफी, लाल रिबन बांधलेली. ते तिने टेबलावरून दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

डॉक्टरीण हसली. "किती छान. पण मला हे घेता येत नाही."

शेजारणीने पाकीट अजून पुढे सरकवलं. डॉक्टरीणबाईने ते हळूच परत सरकवलं. तिसऱ्यांदा सरकवलं तेव्हा तिने ते उचलून सरळ हिच्या हातात दिलं आणि हिच्या मनगटावर थोपटलं. "खरंच नको, मेव्राऊ," म्हणजे बाईसाहेब.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी तिला रागावले. "हा रोमानिया नाही," मी म्हणाले. "इथे असं केलं की माणसाला वाटतं, तू त्याला विकत घेतेस. त्या बाईचा अपमान केलास तू." बसमध्ये ती पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीबाहेर बघत होती, पण तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दोन दिवसांनी तिने ऑपरेशन रद्द केलं. स्वतः फोन करून, स्वतःच्या डचमध्ये. मला म्हणाली, "थंडी जाऊ दे." थंडी गेली. मग म्हणाली, "मुलगा येऊ दे." मुलगा आला आणि गेला. ती वर यायची थांबली. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा राग धरला आहे. मी बरोबर होते, तेव्हा माफी कशाची मागायची, असा विचार करून मीही गेले नाही. असे दोन-अडीच महिने गेले. जिन्यात ती भेटायची तेव्हा ओठ हलवत पायऱ्या मोजत असायची.

मग एका दुपारी मी बेसनाचे लाडू केले आणि ताटली घेऊन खाली गेले. दार तिने चाचपडत उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर बाटल्या आणि डबे रांगेत मांडलेले होते. प्रत्येकाला रबरबँड. मिठाच्या डब्याला एक, साखरेला दोन, पिठाला तीन. व्हिनेगरच्या बाटलीला रबरबँडऐवजी दोरी.

"हे काय?"

"शिकते आहे," ती म्हणाली. "डोळे मिटून. काल भाजीत साखर पडली, पण परवापेक्षा बरं."

मी खुर्चीत बसले. "शिकायची काय गरज आहे? अर्ध्या तासाचं ऑपरेशन आहे. का रद्द केलंस?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच आंधळी आहे. "शेजारीणबाई, तू होतीस ना तिथे? तिने घेतलं नाही."

"अगं, इथे कुणाकडूनच घेत नाहीत."

"तीनदा दिलं. तीनदा परत केलं. वर हात थोपटला."

मग तिने सांगितलं. तिच्या गावात एक सर्जन होता. सगळ्यांकडून घ्यायचा, कुणाकडून कॉफी, कुणाकडून कोंबडी. तिच्या नवऱ्याचं पोट उघडायचं ठरलं तेव्हा तिने दोन पाकिटं नेली. सर्जनने ती ठेवून घेतली. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला खोलीत बोलावलं, दोन्ही पाकिटं तिच्या पिशवीत घातली आणि तिचा हात थोपटला. एक शब्द बोलला नाही.

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. "जिथे उपयोग नाही तिथे तो घेत नसे. गावात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरने परत केलं की घरी जाऊन कपाटातून सुतकाचे काळे कपडे बाहेर काढून ठेवायचे. नवरा अकरा दिवसांनी गेला." आणि थोडं थांबून, "ही मुलगीसुद्धा चांगली आहे. चेहऱ्यावरून कळतं. तिने मला सांगायचं ते सांगितलं."

मुलांनो, मी तिला नियम समजावले. इथली पद्धत, पगार, कायदा, सगळं. माझ्याजवळ त्या हॉस्पिटलचं माहितीपत्रक होतं, फाईलमध्ये व्यवस्थित लावलेलं. ते वर जाऊन आणलं आणि वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती, जशी मी तिच्या सिगारेटच्या पाकिटाची गोष्ट ऐकली होती. शेवटी म्हणाली, "छापतात ते तसंच छापतात. आमच्याकडेही छापलेलं होतं."

माझ्या लक्षात आलं की ती माझ्यावर रागावलेलीच नव्हती. तिने अडीच महिने एकटीने बसून आंधळं व्हायची तयारी केली होती, आणि मी वरच्या मजल्यावर माझा बरोबरपणा सांभाळत बसले होते.

मग मी तिच्याच टेबलावरून हॉस्पिटलला फोन लावला. त्या विभागातली मदतनीस बाई बोलली. मी माझ्या नीटस डचमध्ये, जन्मात कुणाला पेढ्यांचा बॉक्स न दिलेली बाई, तिला विचारलं, "डॉक्टरीणबाई माझ्या शेजारणीकडून कॉफीचं एक पाकीट घेऊ शकतील का? घेतलं नाही तर ती ऑपरेशनला यायची नाही." आणि कारण सांगितलं.

मला वाटलं, हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "डॉक्टर आधी काहीच घेऊ शकत नाहीत. पण पेशंट बरे झाल्यावर विभागासाठी केक आणतात. तो आम्ही सगळे खातो. फोन स्पीकरवर ठेवता का?"

मी ठेवला.

"मेव्राऊ," ती मोठ्याने आणि सावकाश म्हणाली, "तुम्ही नंतर आमच्यासाठी केक आणाल का?"

शेजारीण फोनकडे वाकली. "नंतर?"

"नंतर. डोळा बरा झाल्यावर. तपासायला याल तेव्हा. तपासणी मंगळवारी असते."

"किती माणसं आहात?"

"मंगळवारी चौदा."

"डॉक्टर धरून?"

"डॉक्टर धरून. त्या गोड भरपूर खातात."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "चौदा," ती म्हणाली. "म्हणजे मी मंगळवारी येणार असं ती धरून चालली आहे." मग उठली, डब्यांपाशी गेली आणि बोटांनी रबरबँड मोजत तीनवाला डबा शोधला. "पीठ पुरणार नाही. तू जाताना आणशील?"

उजवा डोळा तीन आठवड्यांनी झाला. मी बाहेर बसले होते. पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी मी डोळ्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. तिने डोळा दोन-तीनदा मिटला, उघडला, खिडकी बघितली, ओटा बघितला आणि मग माझ्याकडे वळली.

"शेजारीणबाई," ती म्हणाली, "तू किती म्हातारी आहेस."

"तू आरशात बघ आधी."

"बघते. घाई नाही."

तपासणीच्या मंगळवारी तिने अक्रोड भरलेल्या गोड पावाच्या तीन गुंडाळ्या नेल्या. तिच्याकडे हा पाव मोठ्या सणाला करतात. मदतनीस बाईने सुरी आणली, बशा आणल्या. लोक येत होते, तुकडा उचलत होते, जात होते. ती पिशवी घट्ट धरून भिंतीला टेकून उभी. डॉक्टरीण सगळ्यांत शेवटी आली, उभ्यानेच एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला आणि तो खात खात पुढच्या पेशंटच्या खोलीत गेली.

शेजारणीने माझा दंड पकडला. "दोन घेतले," ती म्हणाली.

त्याच वर्षी डावा डोळाही झाला, आणि तिची सुई जी सुटली ती थांबेना. "फाटलेलं काही आहे?" हा तिचा रोजचा प्रश्न झाला. माझ्या घरातलं फाटलेलं महिन्यात संपलं. मग पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात. निहार, तुला आठवत असेल, सायकल शिकताना तू कुंपणावर आदळलास आणि तुझ्या निळ्या स्वेटरची डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत उसवली. तुमची आई म्हणाली, "जाऊ दे, तिकडे गेल्यावर नवा घेऊ." ते ऐकून ती खाली गेली आणि सुई घेऊन वर आली.

दोन दुपारी ती माझ्या खिडकीत बसली होती. तुम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना. इरा, तू तिला मराठीत प्रश्न विचारत होतीस आणि ती तुला रोमानियनमध्ये उत्तरं देत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. बाही पूर्ण झाल्यावर तिने मला ती उजेडात धरायला सांगितली. "शोध." मी चष्मा लावून शोधलं. मला जागा सापडली नाही. मी लाडवांचा डबा पुढे केला. तो तिने लगेच उचलला. "मी घेते आहे हं," ती म्हणाली. "उगीच घाबरू नकोस."

गेल्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मुलगा पोलंडहून ट्रक टाकून आला आणि वेळेत पोहोचला. मीही जाऊन आले. तिने मला ओळखलं, माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं ते बोटाने दाखवलं. ती गेल्यावर मुलगा तिला घेऊन तिच्या गावी गेला. नवऱ्याशेजारी जागा होती. परत येऊन त्याने घर रिकामं केलं आणि दुसऱ्या शहरात कामाला लागला. अधूनमधून त्याचा फोन येतो. तोही पत्र आलं की फोटो काढून मला पाठवतो, आणि मी वाचून सांगते की काही नाही.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

निहार, तुझा निळा स्वेटर तू इथेच विसरलास. आता तो तुला होणार नाही, पण मी तो टाकलेला नाही. दोनदा धुतला आहे. बाहीची वीण घट्ट आहे.

तुमची,
आजी